कूलरसमोरची गिटार

नित्या, आज तुझी गिटार बघायला एक माणूस येऊन गेला. विकायला मीच काढली होती. पुढे काय झालं ते सांगणारच आहे, पण त्याआधी मला तुझ्याशी भांडायचं आहे, आणि मधे न थांबता भांडायचं आहे. तू गेल्यावर झालेल्या जलदानविधीच्या दिवशी ते जमलं नाही. अर्धी नंदनवन वस्ती पांढरे कपडे घालून आपल्या अंगणात बसली होती, आणि सगळे तुझ्याबद्दल नुसतं गोड गोड बोलत होते. कुणी म्हणालं, सोन्यासारखा पोरगा. कुणी म्हणालं, कोणाच्या अध्यात ना मध्यात. एका बाईने माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हटलं, "त्याची वेळच आली होती वं, त्याले कोण काय करणार?" माझ्या हातात पाण्याच्या ग्लासांचा ट्रे होता. तो मी तिच्या डोक्यात न घालता खाली ठेवला.

वेळ आली नव्हती. ऊन लागलं होतं. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि तो फरक एका दुपट्ट्याएवढा आहे.

गेलेल्या माणसावर रागावू नये असं सगळे सांगतात. का रागावू नये? तू असताना मी रागावले की तू काहीतरी गुणगुणत जिना चढून जायचास. वाक्य अर्ध्यावर, आणि तू गच्चीवर. तुझी मोठी बहीण म्हणून तुला बोलायचा जो काही हक्क मला होता, तो तू असा जिन्यावरच संपवायचास. आता निदान शेवटपर्यंत ऐकावं लागेल तुला.

गिटारीपासून सुरू करू, कारण आपलं ते भांडण अर्धवट राहिलं आहे. ती गिटार पहिल्या दिवसापासून वाईट होती. सीताबर्डीच्या त्या दुकानात आपण दोघं गेलो होतो आणि तू रंगावर भाळलास. कडेने काळी, मधे पिवळीधम्मक, पॉलिश असं की त्यात आपली दोघांची तोंडं दिसत होती. दुकानदाराने ती मांडीवर घेऊन अशी काही वाजवली की रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. मी तुझ्या कानाशी म्हटलं, "अरे, तो चांगला वाजवतोय, गिटार चांगली नाही वाजत." तुझं लक्ष होतं कुठे? घरी आणलीस, आईसमोर बसलास आणि मोठ्या थाटात पहिली तार छेडलीस. आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "डबा पडला का रे?"

"नवीन आहे नं आई," तू म्हणालास. "नवीन लाकूड हळूहळू खुलते."

"खुलायला ते काय मोगऱ्याचं झाड आहे?" मी विचारलं.

"ताई, तुले कान नाही वं."

मला कान नाही! विहारात वंदना मी धरते, चौदा एप्रिलला वस्तीतल्या पोरींची गाणी मी बसवते, आणि कान मला नाही. तू ढोलकी छान वाजवायचास, ते मी कधी नाकारलं नाही. ढोलकीवर तुझा हात पडला की म्हातारी माणसंसुद्धा ताठ बसायची. पण गिटारीचा आवाज बसका तो बसकाच. वरच्या तारा चिरकायच्या, आणि दांडीपासून इतक्या उंच होत्या की दाबून दाबून तुझ्या बोटांना घट्टे पडले. गिरणीत सूत हाताळून आधीच कापलेली बोटं, त्यात हे. मी म्हटलं, परत कर, दुसरी आण. तू म्हणालास, थांब जरा. त्यानंतर जेव्हा जेव्हा विचारलं, "काय नित्या, खुलली का?" तेव्हा तुझं एकच उत्तर, "खुलून राहिली."

मग उन्हाळा आला. आणि तू जे केलंस ते नागपुरात राहणारा आणि बुटीबोरीच्या सूतगिरणीत काम करणारा माणूसच करू शकतो.

गिटार तुझ्या गच्चीवरच्या खोलीत खिळ्याला टांगलेली असायची, आणि वर टिनाचं छप्पर. एका दुपारी लाकूड टचकन वाजलं आणि मधल्या भोकाजवळ केसासारखी चीर गेली. ताप आलेलं मूल घेऊन धावावं तसा तू तिला छातीशी धरून खाली आलास. खाली एकच कूलर, हॉलच्या खिडकीला. तू कूलरसमोरची खुर्ची जरा पुढे ओढलीस आणि गिटार तिच्यावर बसवलीस.

कूलरसमोरची खुर्ची! पाहुणा उन्हातून आला की आपल्यातलं कोणी न सांगता उठतं आणि त्याला तिथे बसवतं. मामा गावाहून आला की तिथे. भंतेजी आले की तिथे. घरातला माणूस उरलेल्या वाऱ्यात. आईने तुझ्याकडे आणि गिटारीकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाली, "काहून रे, ते का पाहुणा हाय?" तर तू तिला शिकवायला बसलास. तुमच्या स्पिनिंग खात्यात हवा मुद्दाम ओली ठेवतात, वरून बारीक फवारे सुटतात, हवा कोरडी झाली की सूत तटातट तुटतं. "जशी सुताले ओल पायजे, तशी लाकडाले पायजे. सोपं आहे, आई." मी उमरेडच्या शाळेत विज्ञान शिकवते. मी म्हटलं, "नित्या, आपलं मागचं दार पावसाळ्यात फुगतं, तेव्हा लाथ मारून कोण उघडतं?" तू म्हणालास, "दाराचं वेगळं असते, ताई." काय वेगळं असतं ते आजतागायत सांगितलं नाहीस.

सगळा उन्हाळा ती तिथे बसली. ओल्या ताट्यांमधून वाळ्याचा वास घेऊन येणारा तो गार वारा सगळा तिच्या पोटावर, आणि आम्ही मायलेकी बाजूच्या चटईवर पुठ्ठ्याने वारा घेत. जूनपर्यंत तिचं पोट वर आलं. तारा ज्या पट्टीला बांधलेल्या असतात ती पट्टी एका बाजूने उचलली गेली. तारा आधीच उंच, आता त्यांच्याखालून पेन्सिल आरामात जायची. जी काही थोडीफार वाजत होती तीही बंद झाली. "कूलरने बिघडली," मी म्हटलं. "कूलरनं वाचली," तू म्हणालास, "नाहीतर चीर आरपार गेली असती." आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तीच खुर्ची आणि तीच पाहुणी. 'चुकलो' हा शब्द तुझ्या तोंडून ऐकायला मी किती वर्षं वाट पाहिली असेल. तेही राहिलंच.

एक संध्याकाळ मात्र मला तुझ्या नावावर जमा करावी लागते. राग असला तरी खोटं बोलणार नाही. लाईन गेली होती. कूलरची घरघर थांबल्यावर घर एकदम केवढं शांत झालं होतं. तू खुर्चीवरून गिटार उचललीस आणि उंबऱ्यात बसून काहीतरी वाजवायला लागलास. तीच ती बेसूर गिटार. आई आतून आली, भिंतीला टेकून बसली आणि आपल्याला लहानपणी झोपवताना म्हणायची ते शब्द नसलेलं, नुसतं हुंकाराचं गाणं म्हणायला लागली. आई सुराच्या बाबतीत किती कडक आहे ते तुला माहीत आहे. भर कार्यक्रमात पेटीवाल्याला थांबवून पुन्हा सुरुवात करायला लावणारी बाई. त्या दिवशी तिने आपला सूर सोडला आणि तुझ्या गिटारीचा धरला. गिटार उतरली होती, तर तीही उतरली. मी ऐकलं, तूही ऐकलंस, आणि तू माझ्याकडे बघून भुवया उडवल्यास. मग लाईन आली, कूलर सुरू झाला आणि तू गिटार पुन्हा खुर्चीवर ठेवलीस.

आता खोलीचं बोलू. खालची खोली तुझी होती. मी सासर कायमचं सोडून रिक्षातून दोन बॅगा घेऊन दारात उतरले, तेव्हा तू पहिल्या पाळीहून नुकताच आला होतास. काहून आली, किती दिवस आली, काय झालं, एक अक्षर विचारलं नाहीस. बॅगा उचलल्यास, तुझ्या खोलीत ठेवल्यास आणि तुझी गादी खांद्यावर टाकून वर गेलास. वस्तीतली माणसं विचारायची तेव्हा तू सांगायचास, "ताई राहून राहिली इथं, तिचं घर आहे." एवढंच. याबद्दल तुझे आभार मानायला हवेत असं आता सगळे सुचवतात. मी मानणार नाही. आभार मानले की हिशेब मिटतो, आणि मला तो मिटवायचा नाही. मला तू खाली यायला हवा आहेस. तुझी खोली परत घे, मी हॉलमध्ये झोपते. दर उन्हाळ्यात तुला सांगायचे, मे महिन्यात टिनाखाली झोपू नको, खाली ये. "मले गरमी नाही होत वं ताई." हे तुझं ठरलेलं वाक्य. जणू ऊन तुला ओळखीने सोडून देणार होतं.

आणि दुपट्टा. उमरेडला आमच्या शाळेच्या मागच्या गल्लीत अजून हातमाग चालवणारी घरं आहेत. त्यांच्याकडून मी तुझ्यासाठी दुपट्टा आणला. पांढरा, जाड सुताचा, काठाला निळी रेघ. मी स्वतः एसटीच्या खिडकीत डोकं, कान, तोंड बांधून बसते, फक्त डोळे उघडे. अख्ख्या नागपुरातले पुरुष मे महिन्यात तोंड बांधून गाड्या चालवतात, त्यात कोणाला लाज वाटत नाही. तुला वाटायची. "मी का दरोडा टाकायले चाललो, ताई?" वर्गात मी पोरांना शिकवते, उन्हात जाताना डोकं झाका, पाणी पीत राहा, चक्कर आली तर सावलीत बसा. पोरं लिहून घेतात, पाठ करतात, परीक्षेत उत्तर बरोबर देतात. माझ्या घरात एक ढ विद्यार्थी होता, तो तू.

त्या दिवशी तुझी कंपनीची बस चुकली म्हणून तू मोटरसायकल नेलीस. नवतपा चालू होता, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस. दुपारी परत आलास तेव्हा दार मीच उघडलं. हेल्मेट गाडीच्या आरशाला लटकवलेलं, डोकं उघडं, तोंड लाल, आणि घाम नाही. मला घाम नसलेला दिसला होता, नित्या. मी म्हटलं, "बस इथे कूलरसमोर, मी पन्हं आणते." आणि मी खुर्चीवरची गिटार उचलायला हात घातला. तू माझं मनगट धरलंस. हात केवढा गरम होता तुझा! म्हणालास, "राहू दे वं ताई, तिले ऊन लागते. मी वर पडतो जरा."

तिले ऊन लागते.

पन्हं घेऊन मी वर आले तोवर तुला माझं नाव आठवत नव्हतं. पुढचं तुला माहीत नाही आणि मला सांगायचं नाही. शेजाऱ्यांची गाडी, ओल्या चादरी, दवाखाना, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईला सांगायचं काम माझ्याकडे. लाकडाला ऊन लागतं हे तुला कळत होतं. लाकडासाठी तू थिअरी मांडलीस, खुर्ची दिलीस, वारा दिलास. आणि स्वतःच्या डोक्याला कापडाचा एक तुकडा बांधला नाहीस. इतका शहाणा आणि इतका मूर्ख माणूस मी दुसरा पाहिला नाही. लोक मला हळूच विचारतात, तुला उगाच स्वतःला दोष द्यावासा वाटत असेल ना? नाही वाटत. मी सांगितलं होतं. दर वर्षी सांगितलं होतं. मी बरोबर होते, आणि बरोबर असण्याचा मला काडीचा उपयोग झाला नाही, म्हणून तर हा राग कुठे ठेवावा ते कळत नाही.

जलदानविधीच्या दिवशी त्रिशरण-पंचशील झालं, वंदना झाली. वंदना मीच धरली, आवाज हलू दिला नाही. मग तुझा संजू उठला, चौदा एप्रिलला तुझ्या ढोलकीवर गाणारा. म्हणाला, "नितीनच्या गिटारवर त्याच्यासाठी एक गाणं म्हणतो." सगळे सावरून बसले. त्याने खुंट्या पिळल्या, तार लावली, दुसरी लावेपर्यंत पहिली उतरली. पुन्हा लावली. मग चिरकली. पांढऱ्या कपड्यांतली सगळी माणसं मान खाली घालून ऐकत होती. संजूच्या कपाळावर घाम आला. शेवटी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, हे नाही लागत." मी म्हटलं, "मला माहीत आहे." त्याने नुसत्या टाळीवर गाणं म्हटलं आणि लोक रडले. तुझ्या स्वतःच्या कार्यक्रमात तुझ्या लाडकीने तुझं नाक कापलं, आणि मी जिंकले. काय करू त्या जिंकण्याचं?

त्यानंतर गिटार हॉलच्या कोपऱ्यात उभी होती. खुर्ची तिथेच, कूलरही खिडकीत तसाच. पाऊस सुरू झाला तरी कूलर अजून काढलेला नाही. ते काम तुझं होतं. ताट्या काढून वाळवायच्या, पंप पुसायचा, कूलरवर प्लास्टिक बांधायचं. आई रोज त्या कोपऱ्यावरून जाताना तोंड फिरवायची. मागच्या आठवड्यात म्हणाली, "इकून टाक वं ते. डोळ्यासमोर नको." मलाही तेच हवं होतं. त्या खुर्चीवर तुझ्याऐवजी बसलेली वस्तू मला घरात नको होती. मी फोनवरून फोटो काढले आणि जाहिरात टाकली.

आज आलेला माणूस पन्नाशीचा होता, चांगल्या इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. मी चहा ठेवला आणि मनाशी ठरवलं, खोटं बोलून विकायची नाही. दुकानदाराने आपल्याला फसवलं, आपण दुसऱ्याला फसवायचं नाही. म्हणून सगळं सांगितलं. आवाज बसका आहे. इथे चीर आहे. पोट फुगलंय, पट्टी उचललीय, सूर लागत नाही, लागला तर टिकत नाही. सांगताना मला मजा यायला लागली, खरं सांगते. इतकी वर्षं तुला जे ऐकवत होते ते कोणीतरी एकदाचं मान हलवून ऐकत होतं.

"काही हरकत नाही, मॅडम," तो म्हणाला. "वाजवते कोण? आमच्या नवीन हॉलमध्ये सोफ्याच्या वर टांगाची आहे. शोपीस. रंग मस्त आहे."

हे मला नीट बसलं नाही. वाईट का होईना, गिटार आहे ती. तिच्यावर बोटं झिजवली आहेत कोणीतरी. आई आतल्या दाराशी उभी राहून ऐकत होती. तरी मी म्हटलं, घेऊन जा.

त्याने ती उलटीपालटी केली, फुगलेल्या पोटावरून हात फिरवला. "पण असं झालं कसं हिचं?"

"कूलरसमोर ठेवली होती."

तो हसला. वाईट हसला असं नाही, कोणीही हसलं असतं, मी स्वतः किती वेळा हसले. म्हणाला, "गिटारले कोणी कूलरसमोर ठेवते का? ज्यानं ठेवली तो गाढवच असला पायजे."

नित्या, मी उभी राहिले. माझा आवाज वर गेला तो मलाच कळला नाही. "माझा भाऊ आहे तो," मी म्हटलं. आहे म्हटलं, होता नाही म्हटलं. "त्याच्या खात्यात हवा ओली ठेवतात म्हणून सूत तुटत नाही. त्याने विचार करून ठेवली होती. चीर आरपार गेली असती, तेवढी वाचली. त्याला गाढव म्हणायचं असेल तर त्याच्याबरोबर एका घरात वाढावं लागतं. तुम्ही नाही वाढलात. चहा संपवा आणि या."

त्या बिचाऱ्याने चहाही संपवला नाही. दोनदा सॉरी म्हणाला, फाटक लावून गेला. आणि मी गिटार हातात घेऊन हॉलच्या मधोमध उभी. तुझी बाजू घेतली मी! तुझी ती भिकार थिअरी, शब्दाला शब्द, तुझ्याच थाटात, एका परक्या माणसाला ऐकवली. काय वेळ आणलीस माझ्यावर. तू असतास तर भिंतीला टेकून हसत बसला असतास आणि म्हणाला असतास, पाहा, पटलं नं शेवटी? नाही पटलं. अजिबात नाही पटलं. गिटार वाईट आहे आणि कूलरने आणखी वाईट झाली, हे मी मरेपर्यंत म्हणणार. पण ते मी म्हणणार. या घरात म्हणणार. त्यासाठी ती इथे असायला लागेल.

पण आईचं काय? तिला ती डोळ्यासमोर नको. म्हणून मी वर तुझ्या खोलीत गेले, गिटारीचं कव्हर आणायला. म्हटलं, कव्हरमध्ये घालून माझ्या पलंगाखाली ठेवू, आईला दिसणार नाही. तुझ्या खोलीत अजून तेल आणि सुताच्या धुळीचा वास आहे. कव्हर दाराच्या मागे होतं. त्याच्या बाहेरच्या खिशात काहीतरी मऊ कोंबलेलं. ओढून काढलं.

पांढरं, जाड सुताचं, काठाला निळी रेघ.

आधी वाटलं, वापरत होतास तर! मग उलगडून पाहिलं. मधोमध पिवळट डाग, पॉलिशचा वास. तू त्याने गिटार पुसायचास. उमरेडहून तुझ्या डोक्यासाठी आणलेल्या दुपट्ट्याने तू रोज गिटार पुसायचास, आणि घडी घालून पुन्हा खिशात ठेवायचास. मी तिथेच टिनाखाली जमिनीवर बसले आणि मला जेवढ्या शिव्या येतात तेवढ्या तुला दिल्या. आईने खाली ऐकल्या असणार. मग रडले. मग पुन्हा दिल्या.

कव्हर तिथेच टाकलं आणि दुपट्टा घेऊन खाली आले. गिटार खुर्चीवर बसवली, बंद कूलरसमोर, तिच्या नेहमीच्या जागी. आणि तिला दुपट्टा बांधला. मी एसटीत बसताना बांधते तसा, खुंट्यांवरून घेऊन, दांडीभोवती फिरवून, मागे घट्ट. ती नाही म्हणाली नाही. मी का दरोडा टाकायले चालली, असंही म्हणाली नाही. मुकाट्याने बांधून घेतला.

आई दारात येऊन उभी होती, कधीपासून कोण जाणे. तिने तोंड फिरवलं नाही. हळूहळू जवळ आली, खुर्चीच्या पाठीला हात लावला आणि दुपट्ट्याची गाठ चाचपून पाहिली.

"घट्ट हाय नं?"

"घट्ट आहे."

"मंग राहू दे," ती म्हणाली. "नको इकू."

बाहेर पाऊस पडून राहिला होता. आई बाजूच्या चटईवर बसली, मी तिच्याजवळ बसले आणि दोघी त्या खुर्चीकडे बघत राहिलो. दोन वेढे आणि एक गाठ, नित्या. एवढंच काम होतं रे.